मोठ्या फिश टँकमध्ये पाणी फिरवायचं कसं: आधी वाट शोधा, मग पंप घ्या

पाणी आरपार स्वच्छ दिसतंय, फिल्टर रात्रंदिवस चालू आहे, दर आठवड्याला पाणीही बदलताय. तरी एका ठरावीक कोपऱ्यात दगडाआड तपकिरी गाळ साचतो, तिथल्याच झाडांच्या पानांवर शेवाळ धरतं आणि पहाटे दिवा लावला की दोन-चार मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. दोन फुटी टाकीत असं सहसा होत नाही, कारण फिल्टरचा झोत समोरच्या काचेवर आपटून सगळीकडे पसरतो. चार, पाच, सहा फुटी टाकीत तोच झोत अर्ध्या वाटेत विरून जातो.

माझ्या सहा फुटी टाकीत नेमकं हेच होत होतं आणि मीही बहुतेक जण करतात तेच केलं. आणखी मोठा पंप आणून लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर उजवीकडची वाळू उकरली जाऊन तळाची काच उघडी पडलेली, एंजलफिश लाकडामागे दाटीवाटीने उभे, आणि डावीकडच्या मागच्या कोपऱ्यातला गाळ जसाच्या तसा. त्या दिवसापासून पाण्याचा जोर वाढवण्याआधी मी पाण्याची वाट बघतो. हा लेखही त्याच क्रमाने लिहिलाय. नवा पंप यात बराच उशिरा येतो.

फिरणाऱ्या पाण्याचं काम काय

ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. साचलेल्या पाण्यात तो आपोआप खाली उतरायचा वेग अत्यंत कमी असतो, हवेतल्या वेगाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका. त्यामुळे वरचं पाणी खाली आणि खालचं वर नेणारं कुणीतरी लागतं. ते काम प्रवाह करतो. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना साधारण ७.५. आणि गरम पाण्यात माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. उन्हाळ्यात मोठ्या टाकीतले मासे अचानक वर येऊ लागतात ते यामुळे.

फिल्टरमधल्या, खडीतल्या आणि दगडांवरच्या उपयोगी जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे हेच जिवाणू. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही तर फिल्टर कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. शिवाय हीटरची ऊब, झाडांचं खत, माशांची विष्ठा हे सगळं पाण्यासोबतच फिरतं.

पहिली पायरी: खरा प्रवाह मोजा

टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि १००० ने भागा, म्हणजे लिटर मिळतील. १८० × ६० × ६० ची टाकी ६४८ लिटरची. त्यातून वाळू, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी साधारण ५५० लिटर धरायला हरकत नाही.

गोड्या पाण्याच्या साध्या टाकीत तासाला ४ ते ६ वेळा सगळं पाणी फिल्टरमधून जावं, हा रुळलेला अंदाज आहे. झाडांच्या टाकीत एकूण प्रवाह १० पटीपर्यंत नेतात. खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाकीत २० ते ४० पट किंवा त्याहूनही जास्त ठेवतात, पण तो बहुतेक प्रवाह फिल्टरचा नसून आत लावलेल्या वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी नुसतं हलवणाऱ्या पंपाचा असतो. आपल्या ५५० लिटरला ५ पट म्हणजे तासाला २७५० लिटर.

आता खोक्यावरचा आकडा विसरा. तो आकडा रिकाम्या पंपाचा असतो: पाणी वर चढवायचं नाही, आत स्पंज नाही, पाइप नाही. प्रत्यक्षात किती पाणी येतं ते स्वतः मोजा. पाच लिटरचं भांडं टाकीच्या काठाच्या उंचीवर धरा, फिल्टरचा बाहेर पडणारा पाइप त्यात सोडा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. लिटरला सेकंदांनी भागून ३६०० ने गुणायचं. भांडं जमिनीवर ठेवू नका. पाइप खाली आणला की सायफनची, म्हणजे नळीतून पाणी आपोआप खाली उतरण्याची ओढ मिळते आणि प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

माझ्या कॅनिस्टरवर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरवर, तासाला २००० लिटर लिहिलं होतं. पाच लिटर भरायला १९ सेकंद लागले, म्हणजे तासाला जेमतेम ९५०. निम्म्याहून कमी. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे तीन-चारदा लागेल.

दुसरी पायरी: धाग्याने नकाशा काढा

मला या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवलं असेल तर या पायरीने, आणि तिला लागतो फक्त एक लांब बांबूची काडी आणि लोकरीचा धागा. धागा साधारण ५ सेंटीमीटर, नवीन आणि धुतलेला. रंग जाणारा नको. काडीच्या टोकाला घट्ट बांधा आणि पाण्यात ओला होऊ द्या.

मग टाकीच्या डाव्या काचेपासून सुरुवात करून दर २० सेंटीमीटरवर काडी उभी धरायची: आधी पृष्ठभागाच्या जरा खाली, मग मध्यावर, मग वाळूच्या वर दोन बोटं. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद हात स्थिर ठेवा. हात हलला की धागा हाताचं सांगतो, पाण्याचं नाही. धागा आडवा ताणला गेला तर तिथे जोर आहे. तिरका होऊन सावकाश हलत असेल तर ठीक. सरळ खाली लोंबला, तर पाणी तिथे उभं आहे. टाकीची चौकट कागदावर काढून प्रत्येक ठिकाणी बाण किंवा शून्य लिहीत जा. समोरची रांग आणि मागची रांग वेगळ्या कागदांवर.

माझ्या कागदावर वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे जाणारे बाण होते, पण ते चार फुटांच्या आसपास संपत होते. मधल्या ओळीत थोडी हालचाल. तळाला, लाकडाच्या मागे, ओळीने सहा शून्यं. आणि मोठा पंप लावल्यावर काय घडलं होतं तेही उलगडलं. त्याचा झोत लाकडाच्या जाड बुंध्यावर आपटून सरळ खाली वाळूत घुसत होता. लाकूड तिथे आहे तोवर दुप्पट जोराचा पंप लावला असता तरी खड्डाच मोठा झाला असता.

धाग्याच्या जोडीला तापमानही बघा. एकच थर्मामीटर चारही कोपऱ्यांत, वर आणि तळाला, पाच-पाच मिनिटं ठेवून वाचा. दोन वेगळे थर्मामीटर घेतले तर त्यांचाच एकमेकांशी मेळ बसत नाही. दोन जागांत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर त्या दोन जागांमध्ये पाणी मिसळत नाहीये. थोडं कोरडं खाद्य बोटांनी चुरून ओलं करून सोडलं तरी कण कुठे फिरतात आणि कुठे जाऊन बसतात ते दिसतं. मासे ते खाऊन टाकायच्या आत बघावं लागतं, एवढंच.

तिसरी पायरी: आहे तेच नीट करा

फिल्टर बंद करून, प्लग काढून पंपाचं डोकं उघडा. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बाहेर काढा. त्याच्या पात्यांवर आणि तो बसतो त्या खोबणीत चिकट बुळबुळीत थर असतो, कडक पाणी असेल तर पांढरा क्षारही. जुन्या टूथब्रशने घासा. क्षार निघत नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा-एक तास भिजवा, मग स्वच्छ धुवा. इम्पेलरचा दांडा सिरॅमिकचा असेल तर जपून, तो वाकत नाही, थेट तुटतो.

त्यानंतर पाइप. बाहेरून हिरवट-तपकिरी दिसणारा पाइप आतून किती अरुंद झालाय याचा अंदाज येत नाही. लांब लवचीक ब्रशने तो आतून साफ करा. गरजेपेक्षा लांब पाइप कापून टाका, मुरडलेला असेल तर सरळ करा, अनावश्यक एल्बो (काटकोनी जोड) काढा. फिल्टरमधलं बारीक पॅड सर्वांत आधी तुंबतं, ते बदला. बाकी स्पंज आणि सिरॅमिक रिंग टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं.

एवढं करून पुन्हा मोजलं तेव्हा माझ्याकडे पाच लिटरला १९ ऐवजी १३ सेकंद लागले. तासाला जवळपास १३८५ लिटर, काहीही विकत न घेता.

आता सजावट. दगडांची रास मागच्या काचेला टेकवून ठेवू नका, मध्ये ५ ते ७ सेंटीमीटरची गल्ली सोडा. मोठं लाकूड वाळूवर आडवं पसरलेलं असेल तर दोन चपट्या दगडांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून पाणी जाईल. मात्र ते डगमगत नाही ना, आणि वाळू उकरणाऱ्या माशांमुळे दगड सरकणार नाहीत ना, हे हाताने हलवून तपासा. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकलेले बरे. दाट वाढलेली लांब पानांची झुडपं झोतासमोर असतील तर विरळ करा. ती पडद्यासारखी प्रवाह अडवतात.

वाळूत कुठे काळे डाग दिसले आणि ती हलवल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार झालाय. हा वायू माशांना विषारी आहे. सगळी वाळू एकदम उकरायचा मोह आवरा. सायफनने दर आठवड्याला थोडा-थोडा भाग उपसा आणि त्या वेळी एअर पंप चालू ठेवा.

चौथी पायरी: पाण्याला गोल वाट द्या

लांब टाकीत पाणी अंडाकृती फेरा घेत राहिलं की कमी जोरातही ते सगळीकडे जातं, कारण एकदा चालायला लागलेल्या पाण्याला पंप फक्त पुढे ढकलत राहतो. झोत वरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावा, तिथल्या काचेवर आपटून खाली वळावा आणि तळावरून परत यावा. परत येताना तो गाळ सोबत आणतो. म्हणून पाणी ओढणारा पाइप झोताच्याच टोकाला, पण खाली, वाळूच्या वर चार-पाच बोटं ठेवायचा. बरेच जण दोन्ही पाइप दोन विरुद्ध टोकांना लावतात. तेही चालतं, ओढ्यासारखा एकदिशा प्रवाह मिळतो. पण गाळ गोळा करायला मला पहिली मांडणी जास्त भरवशाची वाटते. त्यात एकच धोका असतो: दोन्ही पाइपांची तोंडं एकाच उंचीवर शेजारी-शेजारी असली तर बाहेर आलेलं पाणी लगेच परत आत जातं आणि उरलेली टाकी तशीच राहते.

झाडांच्या टाकीत मी स्प्रे बार, म्हणजे ओळीने भोकं पाडलेली नळी, पसंत करतो. मागच्या काचेवर आडवा लावून भोकं समोर, किंचित वर रोखलेली. पाणी पृष्ठभागावरून समोरच्या काचेकडे येतं, तिथे खाली वळतं आणि झाडांच्या बुंध्यांमधून मागे जातं. स्वतः बनवत असाल तर भोकांचं एकूण क्षेत्रफळ पाइपच्या आतल्या क्षेत्रफळापेक्षा कमी नको, नाहीतर पंपावर दाब येतो. १६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपला ४ मिलिमीटरची १६ भोकं बरोबर पुरतात. जोर जास्त हवा असेल तर एक-दोन कमी करून बघा, पण भोकं पाडताना सुरुवात कमी संख्येने करा, कारण भोक वाढवता येतं, बुजवणं अवघड.

हीटर या वाटेवर बसवा. पाच फुटांपुढच्या टाकीत एका मोठ्या हीटरऐवजी दोन्ही टोकांना एकेक छोटा असणं जास्त सुरक्षित, एक बंद पडला तरी दुसरा तग धरतो.

पाचवी पायरी: आता गरज असेल तरच जादा पंप

वरचं सगळं करून दोन दिवसांनी धागा पुन्हा फिरवा. माझ्याकडे सहापैकी चार शून्यं तोवर गेली होती. उरलेल्या दोनांसाठी छोटा पंप लागलाच.

बाजारात दोन जाती मिळतात. साधा पॉवरहेड नळीसारखा अरुंद, लांब झोत देतो. पंख्यासारखी पाती असलेला वेव्हमेकर रुंद, मऊ प्रवाह देतो आणि त्याच विजेत कितीतरी जास्त पाणी हलवतो. मोठ्या घरगुती टाकीसाठी दुसरा घ्या, शक्यतो वेग कमी-जास्त करता येणारा. चुंबकाने चिकटणारा असेल तर तुमच्या काचेच्या जाडीला तो चालतो का हे आधी बघा. मोठ्या टाकीची काच १० ते १२ मिलिमीटर असते आणि कमकुवत चुंबक रात्रीत घसरून पंप वाळूत तोंड खुपसतो. विजेचा हिशेबही करून ठेवा, कारण तो चोवीस तास चालणार: २० वॉटचा पंप दिवसाला ०.४८ युनिट, महिन्याला साधारण साडेचौदा.

जागा ठरवताना तो शून्याच्या जागेवर रोखायचा नाही. तुमच्या फेऱ्यात पाणी जिथे दमतं तिथे, त्याच दिशेने ढकलणारा लावायचा. माझा फेरा चार फुटांवर विरत होता, म्हणून पंप मागच्या काचेवर साडेतीन फुटांवर, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवला आणि तोंड डाव्या काचेकडे किंचित पुढे वळवलं. सर्वांत कमी वेगावर सुरू करा, तीन दिवस तसाच राहू द्या, मग एकेक टप्पा वाढवा. झिंगे किंवा पिल्लं असतील तर पंपाच्या पाणी ओढणाऱ्या बाजूवर जाड छिद्रांचा स्पंज चढवणं आवश्यक आहे.

प्रवाळांच्या टाकीत एकाच दिशेचा सततचा झोत नको. दोन वेव्हमेकर समोरासमोर, आलटून-पालटून चालणारे ठेवले की हवी तशी उसळी मिळते.

पृष्ठभाग

पाण्यावर टिश्यू कागद टेकवून उचला. त्यावर तेलकट चट्टा आला तर वर साय धरली आहे, म्हणजे वायूंची देवाणघेवाण मंदावली आहे. स्प्रे बारची भोकं थोडी वर फिरवून पृष्ठभागावर बारीक लहरी उठवल्या की ती मोडते. सम्प (खाली ठेवलेली फिल्टरची दुसरी टाकी) असलेल्या टाकीत ओव्हरफ्लो, म्हणजे पाणी सम्पकडे उतरवणारी वाट, वरचंच पाणी ओढतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा एअर स्टोनही चांगलं काम करतो. बुडबुड्यांमधून थेट विरघळणारा ऑक्सिजन थोडाच असतो, खरा फायदा ते खालचं पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग हलवतात त्याचा. झाडांना कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर दिवसा लहरी मंद ठेवा, नाहीतर तो उडून जाईल. रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात, तेव्हा टायमर लावून एअर पंप सुरू करा.

मासे काय म्हणतात ते बघा

आकडे जमले तरी शेवटचा शब्द माशांचा. बेटा, गुरामी, एंजलफिश, डिस्कस आणि लांब परांच्या गोल्डफिशना संथ पाणी लागतं. डॅनिओ, बरेच बार्ब आणि हिलस्ट्रीम लोच यांना वाहतं आवडतं. नवा प्रवाह सुरू केल्यावर मासे सतत दगडाआड राहत असतील, पर अंगाशी मिटून घेत असतील किंवा खाद्य तोंडात येईपर्यंत वाहून जात असेल, तर जोर कमी करा. दोन्ही प्रकारचे मासे एकत्र असतील तर एका टोकाला लाकूड आणि रुंद पानांची झाडं लावून मुद्दाम संथ जागा ठेवा. संथ म्हणजे उभं पाणी नव्हे, धागा तिथे हळूच हलायला हवा.

वीज आणि सायफन: हे टाळू नका

पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली लोंबून मग वर जायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवत असाल तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं.

सम्प असेल तर सगळं बसवून झाल्यावर मुद्दाम मेन स्विच बंद करा आणि उभं राहून बघा. वरचं पाणी सम्पमध्ये उतरत जाईल आणि परतीच्या पाइपचं तोंड उघडं पडलं की थांबेल. तेवढं पाणी सम्पमध्ये मावलं पाहिजे. मावत नसेल तर पाइपचं तोंड वर घ्या, किंवा पृष्ठभागाच्या जरा खाली पाइपला बारीक भोक पाडा, म्हणजे पातळी तिथवर उतरताच हवा शिरून सायफन तुटेल. हे भोक शेवाळाने बुजतं, दर महिन्याला काडीने मोकळं करा.

पुढची देखभाल

कॅनिस्टर चार ते आठ आठवड्यांनी उघडा, पण तारीख बघून नव्हे, पाच लिटरचं भांडं बघून. भरायची वेळ स्वच्छ फिल्टरच्या वेळेपेक्षा एक चतुर्थांशाने वाढली की साफ करायची वेळ झाली. माझ्याकडे १३ चे १६ सेकंद झाले की मी पाइप काढतो. वेव्हमेकर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये भिजवा.

आणि धाग्याची काडी फेकू नका. झाडं वाढतात, वाळू सरकते, नवं लाकूड येतं आणि पाण्याची वाट बदलते. मी दर तीन महिन्यांनी, पाणी बदलायच्या आदल्या संध्याकाळी, ती काडी घेऊन डाव्या काचेपासून सुरुवात करतो. मागच्या वेळी व्हॅलिस्नेरियाचं रान माजल्यामुळे उजव्या मागच्या कोपऱ्यात, तळाला, एक नवं शून्य सापडलं. कात्रीने दोन मुठी पानं कापली आणि धागा पुन्हा तिरका झाला.